काठावरची माणसं

२०२४ च्या डिसेंबरात लेक, जावई आणि नात हॉलंडहून सुटीवर आले. यवतमाळात आठ दिवस राहणं, शेगावचं दर्शन, आत्या-मावश्यांकडची जेवणं एवढं उरकल्यावर नऊ वर्षांच्या नातीने विचारलं, ‘‘आबा, इथे समुद्र कुठे आहे?’’ मी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून दाखवलं. यवतमाळहून पश्चिमेला जा नाहीतर पूर्वेला, समुद्र सरळ रेषेतही पाचशे किलोमीटरच्या पलीकडे. तिला ते खरं वाटेना. शेवटी लेकच म्हणाली, ‘‘बाबा, आपण मालवणला जाऊ. एक अख्खी होडी करू, फक्त आपल्यासाठी. मिलोससारखा एक दिवस तुम्हा दोघांना दाखवायचाच आहे मला.’’

हे मिलोस म्हणजे ग्रीसचं एक बेट. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ही मंडळी तिथे आठवडाभर गेली होती. तिथे एक दिवस त्यांनी शिडाची बोट भाड्याने घेतली. सकाळी निघायचं, बेटाला वळसा घालत जायचं, चांगली जागा दिसली की नांगर टाकायचा, बोटीच्या मागच्या अंगाला शिडी सोडायची आणि सरळ पाण्यात उड्या मारायच्या. दमलं की वर यायचं, भूक लागली की बोटीवरच जेवायचं, मग पुढची जागा. बेटाच्या एका टोकाला क्लेफ्टिको नावाच्या पांढऱ्याशुभ्र खडकांच्या गुहा आहेत. पूर्वी तिथे चाचे दडून बसत. ग्रीक भाषेत ‘क्लेफ्टिस’ म्हणजे चोर, त्यावरून हे नाव. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा सुटतो, म्हणून बोटवाला आधी वारा बघतो आणि मग बेटाच्या कुठल्या अंगाने जायचं ते ठरवतो. हे सगळं लेकीने मला फोनवर इतक्यांदा सांगितलं होतं की मीच तिथे जाऊन आलोय असं वाटायला लागलं होतं. एकच गोष्ट डोक्यात शिरत नव्हती. ‘‘म्हणजे भर समुद्रात उडी मारायची? जिथे पाय टेकत नाहीत तिथे?’’ तर म्हणाली, ‘‘बाबा, पाय टेकत असले तर उडी मारल्यावर डोकं फुटेल.’’

तर धामणगावहून मुंबई, मुंबईहून कोकण रेल्वेने कुडाळ आणि तिथून मालवण असे आम्ही पाच जण निघालो. निघण्यापूर्वी घरात थोडा वाद झाला. १८ डिसेंबरलाच मुंबईहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकून मोठा अपघात झाला होता, कितीतरी माणसं गेली होती. टीव्हीवर तीच चित्रं दिवसभर चालू होती. सौ. म्हणाली, ‘‘आत्ताच कशाला समुद्र?’’ लेक म्हणाली, ‘‘आई, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही, हा माझा नियम.’’ आणि तिने तो पाळला. देवबागच्या काठावर होडीवाल्याने जॅकेटं काढून दिली तेव्हा तिने प्रत्येकाचे बंद स्वतः ओढून बघितले, अगदी परीक्षेला निघालेल्या पोराचं दप्तर तपासावं तसे. होडीचं भाडं ठरवण्याचं काम माझ्याकडे होतं. छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे घासाघीस मला छान जमेल असं घरच्यांना वाटतं. वास्तविक बँकवाल्याला समोरच्याने आणलेल्या आकड्यात काट मारता येते. आकडा समोरच्याचा आणि गरज आपली असली की त्याचं काही चालत नाही. मी मुकाट्याने पैसे दिले.

होडीला शीड नव्हतं, मागे इंजिन होतं. तांडेल चाळिशीतला. शिडाचं विचारलं तर हसला. त्याच्या वडलांच्या वेळी शीड होतं, म्हणाला. वाऱ्याचं नाव ओळखून निघायचे आणि वाऱ्याची वाट बघत परत यायचे. आता डिझेलचा भाव बघून निघतात. तरी तो सकाळी इंजिन चालू करण्याआधी मिनिटभर खाडीच्या तोंडाकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, आधी बाहेर जाऊन येऊ, दुपारनंतर वारा वाढेल. मला ग्रीसचा तो बोटवाला आठवला.

देवबाग म्हणजे जमिनीची एक लांबट पट्टी. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, आणि टोकाला दोघांची भेट. नदीचं पाणी हिरवट, समुद्राचं निळं, मधे फेसाची एक रेघ हलत राहते. ती ओलांडताना होडी दोनदा अशी वर उचलली गेली की मी बाकाची कड घट्ट धरली. नात टाळ्या वाजवत होती. बाहेर डॉल्फिन दिसले, म्हणजे त्यांच्या पाठी दिसल्या, पण त्यावर लोकांनी पुष्कळ लिहिलंय. मग उत्तरेकडे जाऊन सिंधुदुर्गाच्या जवळपास, खडकांच्या आडोशाला, तांडेलाने इंजिन बंद केलं आणि नांगर टाकला. एकदम शांत झालं. किल्ल्याचा तट उन्हात पिवळसर दिसत होता. १६६४ साली शिवाजी महाराजांनी या कुरटे बेटावर बांधकाम सुरू केलं. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, चहूकडे खारं पाणी असताना. आदल्या दिवशी आम्ही त्या बघून आलो होतो. साखरबावेच्या कठड्यावरून नात आत वाकली तसा मी तिला दंडाला धरून मागे ओढलं होतं, जरा जोरातच. ती रडवेली झाली होती. विहिरीत वाकणाऱ्या लेकराला मागे ओढणं हे आमच्या हातात कुठून आलं, ते पुढे सांगतो.

तर होडी थांबली. तांडेलाने लोखंडी शिडी बाहेर अडकवली. जावई गेला, लेक गेली. नात तर शिडीकडे न बघता नाक धरून उडीच मारती झाली. पाणी इतकं नितळ की खालचे खडक आणि त्यावरून फिरणारे पट्ट्यापट्ट्यांचे मासे वरून दिसत होते. तिघंही तोंडाला नळी आणि डोळ्यांना चष्मा लावून पालथे तरंगू लागले. थोड्या वेळाने नातीने मान वर काढली आणि ओरडली, ‘‘आबा, या ना!’’

‘‘मी इथे बरा आहे.’’

‘‘तुम्हाला पोहता येत नाही?’’

तिच्या स्वरात चेष्टा नव्हती. एखाद्याला वाचता येत नाही हे कळल्यावर माणूस जसं हळू बोलतो, तसं ती बोलली. तांडेलही म्हणाला, ‘‘काका, घाबरू नकात. जाकीट आसा, मी आसंय.’’ मी नुसती मान हलवली. आणि तेवढ्यात माझ्या शेजारची सौ. उठली. पंजाबी ड्रेसची ओढणी काढून माझ्या हातात दिली, शिडीला पाठ करून एकेक पायरी उतरली आणि पाण्यात शिरली. मला वाटलं शिडी धरून उभी राहील. तिने शिडी सोडली. जॅकेट होतंच, पण ती जॅकेटच्या जिवावर तरंगत नव्हती, हात मारत होती. दोन हात, चार हात, सरळ नातीपर्यंत. चेहरा असा, की तो मी लग्नाच्या अडतीस वर्षांत पाहिलेला नव्हता.

संध्याकाळी विचारलं तेव्हा कळलं. तिचं माहेर वणी तालुक्यातलं, वर्धेच्या काठचं. धुणं धुवायला मुली नदीवर जायच्या, धुणं वाळेपर्यंत पाण्यात डुंबायच्या. मोठ्या मुलींनी लहानींना शिकवलं. नहाण आल्यावर बंद झालं. ‘‘मला कधी सांगितलं नाहीस?’’ असं म्हटलं तर म्हणाली, ‘‘सांगण्यासारखं काय होतं त्यात? आणि तुम्ही तरी कधी विचारलं?’’

माझं गाव नदीकाठचं नाही. काळ्या जमिनीचं, विहिरींचं. माझ्या लहानपणी, १९६८-७० च्या सुमारास, काही मळ्यांवर अजून मोट चालत असे आणि काही विहिरींवर डिझेल इंजिन आलं होतं. मोटेच्या विहिरीत पाणी वरपर्यंत असायचं, उतरायला दगडी पायऱ्या असायच्या. उन्हाळ्यात पोरं तिथेच पोहायला शिकत. पाठीवर रॉकेलचा रिकामा डबा किंवा सुकलेला भोपळा बांधायचा आणि मोठ्या भावाने वरून ढकलून द्यायचं, हीच शिकवणी. माझ्याही पाठीवर डबा बांधला गेला होता. पण त्याच आठवड्यात शेजारच्या मळ्यातल्या विहिरीवरून एका बाईला बाहेर काढलं. ती पोहायला गेली नव्हती. आमच्याकडे अशा वेळी ‘तिने विहीर जवळ केली’ असं म्हणतात. इतकं गोड शब्दांत, की लहान मुलाला वाटावं ती कोणाला भेटायला गेली. मी तिला बाजेवर पाहिलं. आईने माझ्या पाठीवरचा डबा सोडला आणि पुन्हा विहिरीकडे फिरकू दिलं नाही. हात धरून मागे ओढणं तिथून आलं.

पुढे विहिरींचं पाणी खाली गेलं. पायऱ्यांच्या विहिरी पडक्या झाल्या, नव्या विहिरी सिमेंटच्या कड्यांच्या, खोल, शिडीवाचून उतरता न येणाऱ्या. मग बोअर आले, त्यात तर पोर काय, बादलीही जात नाही. माझ्या पिढीतल्या अर्ध्यांना तरी पोहता येतं. माझ्या मुलांच्या पिढीत गावात राहिलेल्यांपैकी फार थोड्यांना. म्हणजे शिकण्याची जागा आटली. आणि नेमकं त्याच काळात बुडण्याच्या जागा वाढल्या. पूस, अरुणावती, इसापूर, बेंबळा ही धरणं याच पन्नास-पंचावन्न वर्षांतली. दक्षिणेला पैनगंगा, पूर्वेला वर्धा, जुगादला दोघींचा संगम, आणि पोटात ही एवढाली जलाशयं. आमच्या जिल्ह्याला कोरडा म्हणायची रीत आहे, आणि २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा-चापडोह आटून यवतमाळ शहर पाण्यासाठी कसं तळमळलं ते आम्ही भोगलंय. पण कोरडा म्हणता म्हणता जिल्ह्यात पोहायला न येणाऱ्यांच्या शेजारी खोल पाणी येऊन बसलं, हे आमच्या लक्षातच आलं नाही.

निदान माझ्या लक्षात यायला हवं होतं. १९८६ साली माझी बदली पुसद तालुक्यातल्या एका शाखेत झाली. इसापूरच्या धरणात पाणी साठायला लागून थोडीच वर्षं झाली होती. मासेमारीसाठी जाळी आणि नाव घ्यायला कर्ज मागणारे अर्ज आले होते, त्यांची पाहणी करायला मी गेलो. एका म्हाताऱ्या ढिवराने मला त्याच्या डोंग्यात बसवलं. पायात बूट, कडेला कर्जाच्या फायली, दोन्ही हातांनी डोंग्याची कड धरलेली, असा बँकेचा अधिकारी. मधोमध गेल्यावर तो वल्हं थांबवून म्हणाला, ‘‘साह्यब, आपुन आता मारोतीच्या देवळावरून चाल्लो.’’ त्याचं गाव खाली होतं. मग माझ्याकडे बघत त्याने विचारलं, ‘‘पोहता येते काय साह्यब?’’ मी नाही म्हटलं. तो काही बोलला नाही, पण परतीचा सगळा रस्ता त्याने काठाकाठाने काढला. माझ्यासाठी, हे मला काठाला लागल्यावर समजलं.

ती कर्जं मी मंजूर केली. अर्जात वय होतं, जामीनदार होते, जाळ्यांचा नग होता, नावेची किंमत आणि तिचा विमा होता. नावेत किती माणसं बसतील, तरंगायला एखादी तरी ट्यूब आहे का, बरोबर येणाऱ्या मुलांना पोहता येतं का, असा रकाना त्यात नव्हता. मीही तो घातला नाही. बँक बुडू नये याची काळजी घेण्याचा पगार मला होता, माणूस बुडू नये याचा नव्हता. हे मी आज लिहितोय ते अपराधी वाटतं म्हणून नव्हे. त्या शाखेतल्या कोणत्याही कर्जदाराचं काही वाईट झाल्याचं माझ्या कानावर नाही. पण त्या दिवशी मला विचारलेला प्रश्न मी दुसऱ्या कोणालाच विचारला नाही, एवढं खरं.

२०२१ चा सप्टेंबर आठवा. १४ तारखेला आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, वरुड तालुक्यात, वर्धा नदीत एक नाव उलटली. दशक्रियेसाठी जमलेले नातेवाईक होते, झुंजचा धबधबा बघायला निघाले होते. अकरा जण गेले. जे दोघं वाचले ते पोहत काठाला लागले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २८ तारखेला, उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्याच्या पुरात नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी वाहून गेली आणि चार जणांचा जीव गेला. त्याआधी ९ जुलै २०१७ ला नागपूरजवळच्या वेणा जलाशयात सहलीला गेलेल्या तरुणांची नाव उलटून आठ जण बुडाले. मालवणातही सगळं निर्धोक नाही. २४ मे २०२२ ला तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून दोघं गेले. पुराच्या लोंढ्यात पोहणारासुद्धा टिकत नाही, हे मला कळतं. एसटीतल्या माणसांना पोहता आलं असतं तर ती वाचली असती असं म्हणणं त्यांच्या घरच्यांवर अन्याय होईल. तिथे प्रश्न पाणी पुलावरून वाहत असताना गाडी थांबवण्याचा होता. पण वर्धेतल्या त्या दोघांचं काय? ते नावेतल्या इतरांपेक्षा वेगळे कशात होते? लहानपणी कोणीतरी त्यांच्या पाठीवर डबा बांधला असेल, आणि कोणाच्या आईने तो सोडला नसेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख माणसं बुडून मेली आणि त्यातली जवळजवळ निम्मी तिशीच्या आतली होती. आपल्या देशातल्या सरकारी नोंदीत २०२२ या एका वर्षात बुडून गेलेल्यांचा आकडा ३८ हजारांच्या वर आहे. म्हणजे रोज शंभराहून जास्त. एखादं विमान रोज पडलं असतं तर आपण काय केलं असतं? इथे मात्र पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात: ‘पोहण्याचा मोह अनावर’. मला या शब्दांचा राग येतो. मे महिन्यात त्रेचाळीस-पंचेचाळीस अंश तापमानात पंधरा वर्षांचं पोरगं पाण्याकडे गेलं, याला मोह म्हणायचं? पोरं पाण्याकडे जाणारच. न जायला सांगून भागत नाही, हे माझ्या आईसकट सगळ्या आयांनी करून पाहिलंय.

नातीला मी विचारलं, तू कुठे शिकलीस? तर तिच्याकडे सर्टिफिकेट होतं. हॉलंडचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे, गल्लोगल्ली कालवे. तिथे पोरांना पोहण्याच्या परीक्षा असतात, पहिलीला ‘अ’ डिप्लोमा म्हणतात. त्यात गंमत अशी की एक भाग अंगावर कपडे आणि पायात बूट घालून पोहायचा असतो. कारण कालव्यात पडणारं मूल पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही. हे ऐकून मला त्या देशाबद्दल एकदम आदर वाटला. गणवेश, दप्तर, चपला घालून नाल्यात पडलेलं आमचं पोर डोळ्यांसमोर आलं.

तुम्ही म्हणाल, हॉलंड श्रीमंत आहे. खरं आहे. म्हणून बांगलादेशाचं सांगतो. तिथल्या खेड्यांत घरोघर डबकी-तळी, आणि लहान मुलं बुडण्याचं प्रमाण फार मोठं. तिथे काही संस्थांनी गावच्याच तळ्यात बांबूचा मांडव उभा केला, मुलांची छाती वर राहील इतक्या खोलीवर बांबूचीच जमीन केली आणि भोवती बांबूचंच कुंपण. गावातल्याच तरुण मुला-मुलींना शिकवून शिक्षक केलं. परीक्षा साधी: पंचवीस मीटर पोहणं, अर्धा मिनिट एका जागी तरंगणं आणि बुडणाऱ्याला काठावरून वाचवणं. अभ्यास करणाऱ्यांना शिकलेल्या मुलांमध्ये बुडून मरण्याचं प्रमाण खूपच कमी आढळलं. त्यात ना फरशी, ना निळं पाणी, ना क्लोरिनची टाकी.

आपल्याकडे पोहण्याचा विषय निघाला की ताबडतोब तरणतलावाचा प्रस्ताव निघतो. मग जागा, मग निधी, मग उद्घाटन, आणि उन्हाळा आला की पाणी नाही म्हणून कुलूप. तो नाद सोडू या. आपल्या जिल्ह्यात पाणी आहे तिथे ढिवर आणि भोई समाजाची माणसं आहेत, पिढ्यान् पिढ्या पाण्यात वाढलेली. त्यांच्याइतके चांगले शिक्षक कुठल्या महाविद्यालयातून निघणार? त्यातल्या दोघांना, आणि त्यातली एक बाई हवी म्हणजे आया मुलींनाही पाठवतील, एप्रिल-मे असे दोन महिने, महिना पंधरा हजार रुपये पगारावर गावाने नेमावं. साठ हजार झाले. बांबू, दोर, ट्यूबा, डबे यांना पाच हजार धरा. पुरात वा वीज पडून माणूस गेला की सरकार वारसांना चार लाख रुपये देतं, आणि ते द्यायलाच हवेत. तेवढ्याच चार लाखांत सहा गावांची पोरं एका उन्हाळ्यात तरंगायला शिकतात. हा हिशेब मी तीनदा तपासला. जुनी सवय.

आणि शेततळी. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, तेव्हापासून शेताशेतात तळी दिसू लागली. चांगली गोष्ट आहे, ती नको असं कोणी म्हणणार नाही. पण ज्या तळ्यांना आतून प्लॅस्टिकचं अस्तर आहे, त्यांच्या उतारावर शेवाळ धरलं की पाय ठरत नाही. आत पडलेल्याला, पोहता येत असलं तरी, वर चढता येत नाही. त्याला काढायला गेलेलाही त्याच वाटेने आत जातो. माझ्या पुतण्याने असं तळं केलंय. मालवणहून आल्यावर मी त्याच्याकडे गेलो आणि काठावर दोन बाजूंना खुंट्या ठोकून, हातहातभर अंतरावर गाठी मारलेले दोर पाण्यात सोडायला लावले. एक जुनी ट्रॅक्टरची ट्यूब हवा भरून बांधून ठेवली. सगळा मिळून खर्च एका जेवणावळीहून कमी. शेततळ्याचं अनुदान देताना काठावर दोर आहे का हे बघण्याचा एक रकाना अर्जात वाढवला तर कोणाचं काय जाणार आहे? रकाना नसला की कोणी विचारत नाही, हे मी माझ्यावरून सांगतो.

मालवणचा दिवस अजून संपला नव्हता. दुपारी तांडेलाने होडी परत देवबागच्या संगमाकडे आणली. तिथे खाडीच्या तोंडाशी वाळूचं एक बेट आहे, त्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात. २००४ च्या त्सुनामीनंतर ते वर आलं असं सांगतात. ओहोटी होती. बेटाच्या कडेला होडी लावून तो म्हणाला, ‘‘काका, हय पाणी छातीभरच आसा. आता उतरा.’’ सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी चष्मा काढून सौ.कडे दिला, घड्याळ जावयाकडे दिलं, पाकीट पुन्हा एकदा चाचपून तेही दिलं, आणि देण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा उतरलो. पाणी खरंच छातीला लागत होतं. पायाखाली वाळू सरकत होती. नात म्हणाली, ‘‘पाठीवर पडा आणि पोट वर करा. मी मान धरते.’’ नऊ वर्षांच्या मुलीच्या दोन पंजांवर पासष्ट वर्षांचं डोकं ठेवून मी आकाशाकडे बघत पडलो. कान पाण्याखाली गेले. बाहेरचे सगळे आवाज बंद झाले, आत कुठेतरी वाळूचा बारीक करकर आवाज येत होता. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. तिने हात केव्हा काढून घेतले तेही कळलं नाही. कळलं तेव्हा मात्र मी ताबडतोब बुडालो, नाकातोंडात खारं पाणी गेलं आणि सौ.ने दंडाला धरून वर ओढलं.

मार्चपासून मी सकाळी सहाला पोहायला जातो. आमच्या तुकडीत सहा ते दहा वर्षांची अकरा मुलं आणि मी. मुलं मला आबाच म्हणतात. शिकवणारा मुलगा पंचविशीतला आहे, मला ‘सर’ म्हणतो आणि त्याच दमात ‘पाय मारा, पाय मारा’ म्हणून ओरडतो. सौ. काठावर बसते. तिलाही पाण्यात ये म्हटलं, तर म्हणते आधी तुमचं होऊ द्या. रविवारी नातीचा फोन येतो आणि ती पहिला प्रश्न विचारते, किती मीटर? गेल्या रविवारी मी साडेतीन सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘‘बूट घालून?’’